तिची उशी तुझ्या खोलीत आण

*ताई, दीड महिन्यापूर्वी मला मुलगा झाला. रोज रात्री मी वहीत त्या दिवसाचा एक छोटा चमत्कार लिहिते. आज त्याने माझं बोट घट्ट धरलं, आज झोपेत हसला. थोरली पाच वर्षांची. बाळ घरी आल्यापासून ती आजीजवळ झोपते, एकदम शहाणी झालीय, काही म्हणजे काही मागत नाही. न्हाऊ घालणाऱ्या बाई आल्या की पंचा धरून बाथरूमच्या दाराशी उभी असते. प्रश्न नवऱ्याचा आहे. ते वही उघडूनही बघत नाहीत. या आनंदात त्यांना कसं सामील करून घेऊ?*
*– एक आई, पिंपरी*

नवऱ्याचं राहू दे. त्याला बाळाची दुपटी बदलायला लाव, वही वाचून कळणार नाही ते त्यातून कळेल.

मी अडलेय तुझ्या थोरलीपाशी. पाच वर्षांची पोर आणि काही मागत नाही? अगं, या वयात मूल दिवसभर मागतच असतं. पाणी दे, गोष्ट सांग, पेन्सिलीला टोक काढ, आई बघ ना. ते सगळं थांबलं आणि तुला वाटलं पोर शहाणी झाली, कारण तुला ते सोयीचं होतं. धाकटं भावंड आलं की काही मुलं बोबडं बोलू लागतात, पुन्हा गादी ओली करतात, बाळाला हळूच चिमटा काढतात. त्यांच्या आया रडकुंडीला येऊन मला लिहितात. मी सांगते, घाबरू नका, पोर तुमच्यासाठी भांडतंय. तुझी भांडतही नाही. तिने काम धरलंय. कामाच्या माणसाला घरात जागा असते, एवढं तिला बरोबर कळलंय.

थोरलीच्या वेळी वही होती का, हे तू लिहिलेलं नाहीस. मी विचारतही नाही.

आजीने चांगल्या मनानेच नेली असेल. पण सव्वा महिना उलटला, तुझं शेक-शेगडीचं संपलं, मग हिचीच पाठवणी कशाला चालू ठेवलीस? आज रात्री तिची गादी तुझ्या खोलीत आण. उद्या नको, रविवारपासून नको. बाळ रडेल, तिची झोप मोडेल, शाळेत पेंगेल. पेंगू दे. सासूबाई म्हणतील, कशाला पोरीचे हाल? म्हणू देत. आणि एक, तिला ‘माझ्याजवळ झोपतेस का?’ असं विचारू नकोस. ‘नको, मी आजीजवळ झोपते,’ असं ती गोड आवाजात म्हणेल आणि तू सुटलीस म्हणून मोकळी होशील. विचारायचं नाही, उशी आणून ठेवायची.

राहिलं झोपेतलं हसू. सटवाई हसवते म्हणतात आपल्याकडे, ते हसू कुणासाठीच नसतं. माणसाचा चेहरा बघून येणारं हसू साधारण 6 ते 8 आठवड्यांचं झाल्यावर येतं, म्हणजे तुझ्या घरी आता कधीही. एवढ्याशा बाळाला फूटभरावरचंच नीट दिसतं. दाराशी पंचा धरून उभी असलेली ताई त्याला दिसणार कशी? तो पंचा नवऱ्याच्या हातात दे. पोरीला भिंतीला टेकवून बसव, न्हालेलं बाळ तिच्या मांडीवर ठेव, त्याच्या मानेखाली तुझा हात असू दे. पहिल्यांदा ती अंग चोरेल, बाळाकडे न बघता तुझ्याकडेच बघत राहील. घाई करू नकोस.

आठवड्या-पंधरवड्यात ती कसल्यातरी फालतू गोष्टीवरून घर डोक्यावर घेईल. दुधात साय आली, वेणी सैल बांधली, बाळालाच का घेतलंस. आजी म्हणेल, एवढी शहाणी होती, बिघडवलीस. त्या दिवशी मला दोन ओळी नक्की लिही.