कौटुंबिक शिबिराला जावे का?

प्रश्न : आमच्या चर्चच्या मंडळीचे कौटुंबिक शिबिर मे महिन्यात पाचगणीला आहे. सासूबाई उत्साहात आहेत. मला मात्र सामायिक खोल्या आणि पहाटेची प्रार्थना नकोशी वाटते. जावे का?

उत्तर : अवश्य जावे, पण स्नानगृहापुढची रांग आणि लांबलेल्या बायबल अभ्यासात पेंगणारी मुले गृहीत धरूनच. रात्री पेटी-तबल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांची (१८६१-१९१९) भजने सुरू झाली, की ज्या सासूबाईंशी घरी केवळ भाजी-आमटीविषयी बोलणे होते, त्यांच्याशेजारी बसून टाळ धरण्याचा आनंद वेगळाच असतो. स्वयंपाकाची पाळी पुरुषांनाही लावावी, असे पाळकसाहेबांना आधीच सांगावे. नाहीतर बायका तिथेही पोळ्याच लाटत बसतात आणि प्रवचन खिडकीतून ऐकतात. दुपारची एखादी सभा चुकवून झोप काढली, तर त्यात काही पाप नाही.