बँडच्या पालकांना मैदानावर कसे आणावे?

प्रश्न : आम्ही डॅलसच्या एका उपनगरात राहतो. माझी मुलगी शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. यंदा बूस्टर क्लबसाठी (बँडला मदत करणारी पालकांची संस्था) स्वयंसेवक पालक जमवण्याचे काम माझ्याकडे आहे. दर आठवड्याला सर्वांना ईमेल पाठवते, तरी ठरावीक मंडळीच येतात. आपले भारतीय पालक तर शुल्क भरून मोकळे होतात. निधी उभारण्याच्या कामाला येणाऱ्यांना शुल्कात सवलत द्यावी, अशी सूचना आली आहे. काय करावे?
– एक वाचक, टेक्सास

उत्तर : सवलतीची सूचना आधी बाजूला ठेवा, कारण ती क्लबच्याच मुळावर येऊ शकते. बूस्टर क्लब सहसा करमुक्त संस्था म्हणून नोंदलेला असतो, आणि निधीसाठी कोण किती राबले यावर त्याच्याच मुलाचे शुल्क कमी करणे हा करखात्याच्या दृष्टीने खासगी लाभ ठरतो. 2013 साली अमेरिकेच्या टॅक्स कोर्टाने जिम्नॅस्टिक्सच्या एका बूस्टर क्लबचा करमुक्त दर्जा काढून घेणे याच कारणावरून योग्य ठरवले होते.

सर्वांना पाठवलेले पत्र प्रत्येकाला दुसऱ्यासाठीच आहे असे वाटते. त्याऐवजी एकेकाला फोन करून, ‘शुक्रवारच्या फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात मरिंबा (लाकडी पट्ट्यांचे मोठे वाद्य) मैदानावर ढकलत न्यायला माणसे हवीत, तुम्ही सात वाजता याल का?’ असे नेमके विचारावे. कामाचे कारणही सांगावे : टेक्सासमध्ये यूआयएलच्या (शाळांच्या स्पर्धा भरवणारी राज्यातील संस्था) नियमानुसार शाळेच्या वेळेबाहेर आठवड्याला आठच तास सराव करता येतो, त्यामुळे सामान मोठ्यांनी हलवले तर मुलांना सरावाकडे नीट लक्ष देता येते.

भारतीय पालकांची अनास्था मला तितकीशी खरी वाटत नाही. अमेरिकन फुटबॉल त्यांना परका असतो, बँड म्हटले की प्रजासत्ताक दिनाचे संचलन एवढेच त्यांच्या डोळ्यांसमोर येते, आणि खाद्यपदार्थांच्या स्टॉलवर हॉट डॉग हाताळणे अनेक शाकाहाऱ्यांना नको असते, पण तसे सांगायचा संकोच वाटतो. अशांना उन्हाळी शिबिरात पाणी देणे, गणवेशाची मापे घेणे किंवा शनिवारी देखाव्याचे सुतारकाम करणे अशी कामे सुचवा. त्यांच्यापैकी कोणी मराठी मंडळाच्या ढोल-ताशा पथकात असेल, तर त्याला फार समजवावे लागणार नाही. वाजवणाऱ्यांमागे न वाजवणारे किती लागतात हे त्याला ठाऊक असते.

बरेच उत्साही पालक पार्श्वभूमी तपासणीच्या (स्वयंसेवकावर गुन्ह्याची नोंद नाही ना, हे पाहण्याच्या) अर्जापाशी अडतात. तो ऑनलाइन अर्ज गणवेश वाटपाच्या दिवशीच, तुमच्या लॅपटॉपवर, समोर बसवून भरून घ्या. आणि स्पर्धेच्या प्रवासात कोणत्याही आईला शक्यतो तिच्या मुलाच्या बसमध्ये देखरेखीला बसवू नका. पंधरा वर्षांच्या मुलाला मित्रांसमोर आईची सोबत नको असते, आणि त्याने घरी कुरकुर केली की ती माऊली पुढच्या वेळी येत नाही.