'नाद्लेही'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे: १८६४ ते १८६८ या काळात अमेरिकी सैन्याने नावाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांना न्यू मेक्सिकोतील फोर्ट समनरच्या छावणीत डांबले होते. त्या पार्श्वभूमीवरील कादंबरीत एक नाद्लेही, म्हणजे नावाहो समाजात निव्वळ पुरुष किंवा निव्वळ स्त्री न मानले जाणारे, पात्र आहे. त्या शब्दासाठी 'तृतीयपंथी' चालेल का, आणि त्या पात्राचे एका पुरुषावरील प्रेम 'समलिंगी' म्हणावे का?

माझ्या मते दोन्ही शब्द टाळावेत. 'तृतीयपंथी' म्हटले की आपल्याकडे गुरू-चेल्यांची घराणी आणि घर सोडून वेगळे राहणे डोळ्यांसमोर येते. नाद्लेही मात्र आईच्या कुळात, नात्यागोत्यातच राहत. प्रसिद्ध नाद्लेही हॉस्टीन क्लाह (१८६७–१९३७) विणकाम करीत, जे बायकांचे काम, आणि मंत्रगायकही होते, जे बहुधा पुरुषांचे. विधी संपताच पुसून टाकायची वालुकाचित्रे त्यांनी लोकरीत विणून कायम केली, तेव्हा स्वकीयांचा रोष ओढवला तो त्यामुळे. 'समलिंगी'चेही तसेच आहे: नाद्लेही आणि पुरुष ही त्या समाजाच्या हिशेबी एकाच लिंगाची जोडी नव्हे. मूळ अमेरिकी समाजांतील अशा व्यक्तींसाठीची 'टू-स्पिरिट' ही संज्ञा तर १९९० साली कॅनडातील विनिपेगच्या मेळाव्यात रूढ झाली. ती १८६४ च्या तोंडी घालणे म्हणजे कालविपर्यास.

नाद्लेही म्हणजे स्थूलमानाने 'पुन्हा पुन्हा होत राहणारे माणूस' (इथे 'माणूस' नपुंसकलिंगी घेण्याची बोलीतील सोय उपयोगी पडते). मूळ शब्दच ठेवावा, आणि अर्थ पहिल्या प्रसंगातून कळू द्यावा.

खरी पंचाईत नामाची नाही, क्रियापदाची आहे. नावाहो भाषेत 'तो' आणि 'ती' यांना एकच रूप. मराठीत 'विणतो' की 'विणते' हे ठरवल्यावाचून वर्तमानकाळातले वाक्य पुरे होत नाही. तरी आपल्या व्याकरणात वाटा आहेत, आणि त्यांतली सर्वांत देखणी जुन्या कादंबऱ्यांना प्रिय असलेला रीतिभूतकाळ: 'पहाटे उठून मागावर बसे, दिवे लागणीला गाऊ लागे' या वाक्यात लिंग कुठेच उघड होत नाही. भविष्यकाळही तसाच, 'येईल, विणील'. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्मामागे जाते, म्हणून 'मी घोंगडी विणली' हे कोणीही म्हणू शकते. अडते ते 'मी आलो' आणि 'मी आले' यांपाशी, तिथे वाक्य फिरवून 'माझे येणे झाले' असे लिहिता येईल, पण फार वेळा नको, कृत्रिम वाटते. 'त्याने', 'तिने' यांऐवजी नाव किंवा नाते वापरावे.

छावणीतल्या शिपायांच्या संवादात मात्र ही कसरत करू नये. त्यांच्या इंग्रजीत 'तो' किंवा 'ती' निवडणे भागच होते, तेव्हा त्यांना बेधडक 'तो' म्हणू द्यावे. निवेदनातली सर्वनामहीन वाक्ये आणि शिपायांचा 'तो' शेजारी आले की वाचकाला दोन दृष्टींमधला फरक टिपेशिवाय कळेल.