मदत मागायची, पण मुलाला उघडे न पाडता

शिक्षक माझ्याकडे एक प्रश्न वारंवार घेऊन येतात आणि तो विचारताना त्यांचा आवाज हमखास खाली जातो. "वर्गातल्या एका मुलाला राहायला घर नाही. बाहेर कुणाकडे मदत मागितली तर त्याची परिस्थिती चारचौघांत उघड होईल, आणि न मागावी तर ते शाळाच सोडेल. काय करावे?" या प्रश्नाचे उत्तर मला एका विद्यार्थिनीने शिकवले, मात्र त्याआधी माझ्या हातून झालेली चूक सांगितल्याशिवाय ते उत्तर नीट समजणार नाही. कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वर्गात झोपते, गृहपाठ अपुरा असतो आणि दप्तर क्षणभरही खाली ठेवत नाही, अशी तक्रार लिहून वर्गशिक्षिकेने त्या मुलीला माझ्याकडे पाठवले होते. पहिल्या भेटीत ती दप्तर मांडीवर घेऊनच बसली आणि विचारलेल्या प्रश्नांना मान हलवण्यापलीकडे तिने उत्तर दिले नाही. दुसऱ्या भेटीत वही काढताना दप्तराची तुटलेली चेन उसवली, तेव्हा आतले सारे दिसले: वर पुस्तके, त्याखाली घडी घातलेले कपडे, रुमालात गुंडाळलेला दात घासायचा ब्रश आणि अगदी तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत जन्माचा दाखला व गेल्या वर्षाची गुणपत्रिका. भाड्याची खोली सोडावी लागल्यापासून ती, आई आणि धाकटा भाऊ चार रात्री एका ओळखीच्यांकडे, आठवडाभर दुसऱ्यांकडे असे दिवस काढत होते. मी काही बोलण्याआधीच ती म्हणाली, "आम्ही बेघर नाही, मॅडम. फक्त सध्या घर नाही."

तिचा हा भेद मी खोडला नाही, पण शाळेने मात्र तो मनावर घेऊ नये असे मला वाटते. रस्त्यावर झोपणारे मूल तेवढेच बेघर, या समजुतीमुळे अशी कितीतरी मुले आपल्या नजरेतून सुटतात. अमेरिकेत १९८७ मध्ये झालेला आणि पुढे मॅकिनी-व्हेंटो या नावाने ओळखला जाऊ लागलेला कायदा याबाबत स्पष्ट आहे: रात्री राहायला कायमची, नियमित आणि पुरेशी जागा ज्यांना नाही ती मुले बेघर, आणि घर गमावल्यामुळे किंवा पैशांच्या अडचणीमुळे दुसऱ्याच्या घरात दाटीवाटीने राहणारी मुलेही त्यांतच मोडतात. कागदपत्रे अपुरी असली तरी अशा मुलाला ताबडतोब प्रवेश द्यावा लागतो. व्याख्येचा हा काथ्याकूट कोरडा वाटेल. परंतु कोणाला मोजायचे हे ठरल्याशिवाय बाहेर कुणाकडे किती मागायचे हेही ठरत नाही.

आता माझी चूक. त्या मुलीच्या काही वर्षे आधी एका मंडळाने गरजू मुलांसाठी नवी दप्तरे देऊ केली. अट एकच होती: वाटप सभागृहात व्हावे आणि छायाचित्र काढले जावे. मला त्यात काही वावगे दिसले नाही. उलट मुलांना कौतुक वाटेल असे मी मुख्याध्यापकांना सांगितले. व्यासपीठावर ओळीने उभ्या केलेल्या मुलांपैकी एक जण पुढचे चार दिवस शाळेत आला नाही आणि आला तो जुनेच दप्तर घेऊन. कारण विचारल्यावर म्हणाला, "नवीन आणलं की सगळ्यांना कळतं ते कुठून आलं." बालहक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या करारातील सोळावे कलम मुलाच्या खासगीपणाला संरक्षण देते. ते कलम मी प्रशिक्षणात वाचले होते आणि परीक्षेत लिहिलेही होते. त्याचा अर्थ मात्र त्या दिवशी कळला.

म्हणून या मुलीच्या बाबतीत मी आधी तिची आणि तिच्या आईची परवानगी घेतली आणि मग तिलाच विचारले की सर्वांत जास्त अडचण कशाची होते. गणवेश, वह्या, बूट अशी यादी माझ्या मनात तयार होती. तिने सांगितलेली यादी निराळीच निघाली: दप्तर ठेवायला कुलूप लागेल अशी जागा, कपडे धुण्याची सोय, शाळा सुटल्यावर उजेडात बसून अभ्यास करता येईल असे ठिकाण, आणि निवारा बदलला तरी भावाला त्याच शाळेत येता यावे म्हणून प्रवासाची सोय. यांतले एकही देणगीच्या खोक्यात भरून येण्यासारखे नव्हते.

कुलूपबंद कपाट शाळेतच एका कोपऱ्यात पडून होते. उरलेल्या तीन गोष्टींसाठी ग्रंथालय, धुलाई केंद्र आणि शालेय वाहनाचे चालक अशा तीन ठिकाणी मी पत्र घेऊन गेले. पत्रात कुणाचीही कहाणी नव्हती; किती विद्यार्थी, आठवड्यातून किती वेळा आणि कोणत्या महिन्यापर्यंत, एवढेच होते. ग्रंथालयाने संध्याकाळची जागा शाळेचे पत्र आणणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्यासाठी खुली केली, आणि माझ्या मते हीच या साऱ्यातली कळीची गोष्ट ठरली, कारण घरी जागा अपुरी असलेली, भांडणाला कंटाळलेली किंवा नुसतीच अभ्यासू मुलेही तेथे येऊ लागल्यावर आमची मुलगी त्या गर्दीत कुणाला वेगळी दिसलीच नाही. धुलाईच्या गाठोड्यांना नावाऐवजी क्रमांक दिला. संपूर्ण माहिती शाळेतल्या तिघांनाच होती.

देणगीदारांशी बोलणे अधिक अवघड गेले. एक सद्गृहस्थ म्हणाले, "कुणाला मिळते ते एकदा पाहू तर द्या." त्यांच्या हेतूत खोट नव्हती. मी त्यांना सांगितले की हिशेब पाहण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, चेहरा पाहण्याचा नाही. आणि दर तीन महिन्यांनी पावत्यांसह जमाखर्च पाठवण्याचे कबूल केले. ते नाराज झाले, पण पैसे देत राहिले. वापरलेल्या कपड्यांचे ढीग आम्ही नम्रपणे परत पाठवले आणि त्याऐवजी मापांची यादी दिली. थोडी रक्कम मात्र कोणत्याही कामाला न बांधता बाजूला ठेवली, कारण चष्मा फुटतो किंवा परीक्षेचे शुल्क भरायचा अखेरचा दिवस येतो, तेव्हा समितीच्या बैठकीची वाट पाहता येत नाही. दोघांच्या सह्या झाल्या की त्याच दिवशी पैसे मिळावेत, अशी ती व्यवस्था होती.

सगळे सुरळीत झाले असे नाही. वाहनाची सोय पाहणारे गृहस्थ दुसरीकडे गेले आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर फेऱ्या थांबल्या. आमचा सारा व्यवहार एका माणसाच्या भरवशावर आणि तोंडी बोलण्यावर चालला होता. दोन शिक्षकांनी पाळी लावून भावाला आणले म्हणून निभावले. तेव्हापासून प्रत्येक सहकार्याचा एक पानी करार आम्ही करतो: काय देणार, कधीपर्यंत देणार, दोन्ही बाजूंच्या कोणत्या दोन व्यक्तींशी बोलायचे आणि देणे शक्य नसेल तर किती दिवस आधी कळवायचे. घर मिळवून देणे मात्र आमच्या आवाक्यात नव्हते. त्यासाठी आईला निवाऱ्याचे काम पाहणाऱ्या यंत्रणेकडे पाठवले आणि पहिल्या खेपेला सोबत गेले, इतकेच.

काही महिन्यांनी त्यांना खोली मिळाली. मुलगी कपाटाची किल्ली हातात घेऊन आली आणि ती आता परत करायची का, असे तिने विचारले. तुला काय वाटते, असे मी म्हटल्यावर थोडा विचार करून ती म्हणाली, "परीक्षेपर्यंत राहू दे." कपाटात तेव्हा ती प्लास्टिकची पिशवी तेवढी उरली होती.