गर्भाशयमुखाची तपासणी किती वर्षांनी करावी?

प्रश्न : माझे वय 34 आहे. म्हापशातील माझ्या डॉक्टर दरवर्षी पॅप तपासणी करायला सांगतात. नणंदेला मात्र पणजीत, आता पाच वर्षांनी या, असे सांगितले. कोणाचे ऐकावे?

उत्तर : आपणा दोघींच्या तपासण्या बहुधा वेगळ्या आहेत. पॅप तपासणीत गर्भाशयमुखावरील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तर एचपीव्ही चाचणीत त्या पेशी बिघडवणाऱ्या विषाणूचाच शोध घेतात. या विषाणूची लागण पुष्कळ स्त्रियांना होते आणि बहुतेकींची एक-दोन वर्षांत आपोआप जाते. जी टिकून राहते तिचा कर्करोग व्हायलाही साधारणपणे 15 ते 20 वर्षे लागतात. म्हणूनच एचपीव्ही चाचणीत विषाणू आढळला नाही, तर पुढील तपासणी पाच वर्षांनी केली तरी चालते; जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये वयाच्या तिशीपासून 5 ते 10 वर्षांचे अंतर सुचवले आहे. पॅप तपासणीत दोष नजरेतून सुटण्याची शक्यता अधिक असल्याने ती तीन वर्षांनी करावी. दरवर्षी केल्याने संरक्षण फारसे वाढत नाही. उलट आपोआप बरे होणारे किरकोळ बदल सापडून नाहक बायोप्सी (तुकडा काढून तपासणे) आणि धास्ती मागे लागते. पूर्वीच्या अहवालात दोष आढळला असेल, तर मात्र आपल्या डॉक्टर सांगतात ते बरोबर असू शकते, तेव्हा कारण त्यांनाच विचारावे. एचआयव्हीबाधित स्त्रियांनी पंचविशीपासून दर 3 ते 5 वर्षांनी तपासून घ्यावे.

प्रश्न : मी 52 वर्षांची, फोंडा तालुक्यातील. पाळी जाऊन तीन वर्षे झाली. पती जहाजावर असतात, वर्षातून काही महिनेच घरी येतात. आजवर एकदाही तपासलेले नाही. आता गरज आहे का?

उत्तर : आहे, आणि वरच्या प्रश्नकर्तीपेक्षा आपल्याला अधिक आहे. संबंधांतून येणारा हा विषाणू वर्षानुवर्षे शरीरात राहू शकतो, त्यामुळे पती घरी किती दिवस असतात यावरून धोका ठरत नाही. सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी तपासणी करतात. परंतु पाळी गेल्यावर तपासायचा भाग आत सरकतो आणि नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाही. आपण एचपीव्ही चाचणी करावी, ती जमत नसेल तर पॅप. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा जिल्हा रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात चौकशी करावी. संकोच वाटत असेल, तर एचपीव्हीसाठी नमुना स्वतः घेण्याची पद्धतही मान्यताप्राप्त आहे. उशीर झाला असे समजू नका. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या स्त्रियांची एकदाच एचपीव्ही चाचणी केली, तर आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळजवळ निम्मे झाले, असे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. दरवर्षी तपासणाऱ्यांपेक्षा कधीच न तपासणाऱ्यांची मला अधिक काळजी वाटते.

प्रश्न : गाठींमुळे माझी पिशवी काढली आहे. तरी तपासणी हवी का?

उत्तर : गर्भाशयमुखही काढले असेल आणि पूर्वी तेथे गंभीर दोष नव्हता, तर नको. काही शस्त्रक्रियांत मुख तसेच ठेवतात, म्हणून कागदपत्रे डॉक्टरांना दाखवावीत.

प्रश्न : मुलीने शाळेत असतानाच एचपीव्हीची लस घेतली. तिला पुढे तपासणीची गरज नाही ना?

उत्तर : गरज आहे. सुमारे 70 टक्के रुग्णांत कारण ठरणाऱ्या 16 आणि 18 या प्रकारांपासून लस संरक्षण देते, सर्व प्रकारांपासून नाही. तिशीपासून तिनेही तपासून घ्यावे.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वीची पॅप तपासणी चांगली होती. हल्ली संबंधानंतर रक्त जाते. चतुर्थी आटोपल्यावर, तीन वर्षे भरली की दाखवले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. तीन किंवा पाच वर्षांचे अंतर कोणताही त्रास नसलेल्या स्त्रियांसाठी असते. अशा रक्तस्रावाचे कारण अनेकदा जंतुसंसर्ग किंवा साधा मांसांकुर असते, परंतु ते प्रत्यक्ष पाहूनच ठरवावे लागते, आणि गरज भासल्यास दुर्बिणीतून तपासून तुकडा काढावा लागतो. रक्त थांबण्याची वाट न पाहता याच आठवड्यात जावे, आणि जुना अहवाल सोबत न्यावा.