निवेदन लिहिण्यापूर्वी
श्रद्धा आणि बांधिलकीचे निवेदन, म्हणजे आपण काय मानतो आणि त्यासाठी काय करणार हे सांगणारा मजकूर, लिहायला बसण्याआधी काही दिवस केवळ आठवण्यासाठी राखून ठेवा, असे मी तुम्हाला आग्रहाने सांगेन. आपला वेळ व पैसा वर्षभरात कुठे गेला, भाऊबंदांचा रोष पत्करूनही आपण कुठे ठाम राहिलो आणि कुठे गप्प बसलो, हे वहीत टिपा, कारण खरी श्रद्धा तिथेच सापडते. अमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी समतेवरील विश्वास १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून उपोषण करून कृतीत आणला. आपली कृती लहान असेल, पण नेमकी असावी. ‘समाजाने करावे’ अशी वाक्ये गाळा. जात मानत नाही असे लिहिणार असाल, तर घरातले लग्न ठरवताना काय कराल तेही लिहा, आणि मसुदा प्रथम घरच्यांनाच वाचून दाखवा.