थांबू का?

प्रश्न : मुलाची दारू सुटावी म्हणून तीन वर्षं प्रार्थना करतेय. आता शब्दच सुचत नाहीत. थांबू का?

उत्तर : नका थांबू, ताई. माझ्या यजमानांसाठी मी अकरा वर्षं गुडघे टेकले. रोज पहाटे, स्टोव्ह पेटवायच्या आधी. बायबलच्या कडेला त्यांचं नाव पेन्सिलीनं इतक्यांदा गिरवलं, की कागद फाटला. चार-सहा महिने मीही गप्पच बसायची. तेवढं बसणंसुद्धा प्रार्थनाच होती, असं मी आज ठामपणे म्हणते. शब्द नसतील तर स्तोत्र 13 मोठ्यानं वाचा. दोनच वचनांत दावीद चारदा ‘कोठवर?’ विचारतो. लूक 18 मधली विधवाही न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा गेलीच ना! आणि दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या अल-अॅनॉन या आधारगटाच्या बैठकीलाही जा. मी फार उशिरा गेले.